सांडपाणी प्रक्रिया आणि नदी-ओढ्यांचे रक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहरातून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्यावर प्रक्रिया कशी होते आणि त्या प्रक्रियेवर नदी, ओढा, तलाव व खाडी यांचे आरोग्य कसे अवलंबून असते, याविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

शहराच्या सांडपाण्यात नेमके काय असते?

वजनाच्या हिशेबाने पाहिले तर सुमारे ९९.९ टक्के पाणीच असते. विष्ठा, मूत्र, अन्नकण, साबण, तेल-चरबी, कागदाचे तंतू, माती आणि विरघळलेले क्षार हे सारे मिळून उरलेला एक दशांश टक्का भरतो, आणि शहराची सगळी मलनिस्सारण व्यवस्था या एवढ्याशा भागासाठी उभी केलेली असते. नदीच्या दृष्टीने त्यातले चार घटक महत्त्वाचे आहेत. कुजणारे सेंद्रिय पदार्थ पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. तरंगणारे बारीक कण तळाशी बसून गाळाचा थर तयार करतात. नायट्रोजन आणि फॉस्फरस शेवाळाला व जलपर्णीला पोसतात. आणि चौथा घटक म्हणजे रोगजंतू. प्रक्रिया न झालेल्या मैलापाण्याच्या केवळ १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतून आलेल्या कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या सहज दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत असते.

नदी आपले पाणी आपणच स्वच्छ करत नाही का? मग सांडपाणी प्रक्रिया केंद्राची गरज काय?

करते, आणि हे समजून घेतले तरच केंद्राचे काम नीट समजते. नदीत मुळातच असंख्य जिवाणू असतात. मैला पाण्यात आला की ते त्यावर तुटून पडतात आणि तो खाताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. अडचण अशी की हा साठा फार थोडा असतो. २० अंश सेल्सिअस तापमानाला एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना तर जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. त्याच वेळी एक लिटर कच्च्या मैलापाण्याला साधारणपणे २०० ते ३०० मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. हवेतून नवा ऑक्सिजन पाण्यात उतरत असतो, पण संथ वाहणाऱ्या नदीत तो सावकाश उतरतो.

स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी अमेरिकेतील ओहायो नदीच्या अभ्यासातून १९२५ साली ही ओढाताण गणितात मांडली. मैला मिसळल्यानंतर ऑक्सिजनची पातळी हळूहळू खाली जाते, एका ठिकाणी तळ गाठते आणि मग सावकाश वर येते. हा तळ सांडपाणी सोडण्याच्या जागी येत नाही. तो प्रवाहाच्या दिशेने कित्येक किलोमीटर पुढे, कधी दोन-तीन दिवसांच्या अंतरावर येतो. त्यामुळे मैला सोडणारे शहर वेगळे आणि मेलेले मासे पाहणारे गाव वेगळे, असे वारंवार घडते. ऑक्सिजन पूर्ण संपला की ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू ताबा घेतात, हायड्रोजन सल्फाइडचा कुजकट वास सुटतो आणि लोहाच्या सल्फाइडमुळे पाणी व गाळ काळे पडतात. उन्हाळ्यात प्रवाह आटतो, कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि जिवाणूंची भूक वाढते. ही तिन्ही संकटे एकाच वेळी येतात.

सांडपाणी प्रक्रिया केंद्र हे नदीचेच काम नदीच्या बाहेर करते. तेच जिवाणू, तेच खाणे, तोच ऑक्सिजन. फक्त तो यंत्राने भरपूर पुरवलेला असतो आणि नदीला जे करायला काही दिवस आणि बरेच अंतर लागते ते काही तासांत टाकीतच उरकले जाते.

बीओडी म्हणजे काय, आणि सगळीकडे तोच आकडा का दिला जातो?

बीओडी म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी. पाण्याचा नमुना बंद बाटलीत, अंधारात, २० अंश तापमानाला पाच दिवस ठेवतात आणि तेवढ्या काळात जिवाणूंनी किती ऑक्सिजन वापरला ते मोजतात. नदीवर किती भार पडणार आहे हे त्यातून थेट कळते, म्हणून तो आकडा टिकून राहिला. ब्रिटनमधील मलनिस्सारणविषयक शाही आयोगाने १९१२ च्या अहवालात प्रक्रिया केलेल्या पाण्यासाठी लिटरमागे २० मिलिग्रॅम बीओडी आणि ३० मिलिग्रॅम तरंगते घनपदार्थ ही मर्यादा सुचवली. ती जगभर गेली, पण तिच्यामागची अट अनेकदा मागेच राहिली: नदीत त्या पाण्याच्या किमान आठपट स्वच्छ पाणी असले पाहिजे, असे त्या आयोगाने गृहीत धरले होते. ज्या नदीत उन्हाळ्याचे चार महिने केंद्रातून आलेल्या पाण्याखेरीज दुसरे पाणीच नसते, तिथे ‘मानकांनुसार आहे’ एवढे म्हणून भागत नाही.

या चाचणीचा दुसरा तोटा म्हणजे निकाल पाच दिवसांनी हाती येतो, तोवर ते पाणी नदीतून वाहून गेलेले असते. रोजचे निर्णय त्यामुळे सीओडी म्हणजे रासायनिक ऑक्सिजन मागणी, अमोनिया आणि टाकीतील विरघळलेला ऑक्सिजन यांच्या मोजणीवर घेतले जातात.

केंद्रात आलेल्या पाण्यावर काय काय होते?

सुरुवात जाळ्यांपासून होते. चिंध्या, प्लॅस्टिक, काड्या या जाळ्यांवर अडतात. पुढच्या वाहिनीत पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ०.३ मीटरवर आणतात. या वेगाला वाळू आणि खडे खाली बसतात, पण हलका सेंद्रिय मैला वाहत राहतो. वाळू इथेच काढली नाही तर ती पंपांची पाती झिजवते आणि टाक्यांच्या तळाशी साचून त्यांची क्षमता खाते.

यानंतर प्राथमिक निवळण टाकी येते. दोनेक तास पाणी जवळजवळ स्थिर ठेवले की तरंगत्या घनपदार्थांपैकी ५० ते ७० टक्के आणि बीओडीपैकी २५ ते ४० टक्के भाग गाळाच्या रूपाने तळाशी जातो. विरघळलेला आणि अतिसूक्ष्म मैला मात्र कितीही वेळ ठेवले तरी बसत नाही. त्याला खाऊन टाकावे लागते.

ते काम वायुमिश्रण टाकीत होते. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट मैलापाण्यात हवा सोडून पाहत होते. पाणी निवळल्यावर तळाशी बसलेला गाळ फेकून न देता त्यांनी तो पुढच्या खेपेसाठी राखून ठेवला. दर खेपेला जिवंत गाळ वाढत गेला आणि ज्या शुद्धीकरणाला आधी कित्येक आठवडे लागत होते ते काही तासांत होऊ लागले. १९१४ साली त्यांनी हे निष्कर्ष मांडले आणि या पद्धतीला सक्रिय गाळ पद्धत हे नाव मिळाले. आजची बहुतेक मोठी केंद्रे याच पद्धतीवर किंवा तिच्या एखाद्या रूपावर चालतात.

या पद्धतीचे मर्म असे की टाकीत पाणी साधारण चार ते आठ तास थांबते, पण जिवाणू मात्र पाच, दहा, पंधरा दिवस थांबतात. टाकीतून बाहेर पडलेले मिश्रण दुय्यम निवळण टाकीत जाते, तिथे जिवाणूंचे पुंजके तळाशी बसतात, वरचे निवळ पाणी पुढे जाते आणि खाली बसलेला गाळ पंपाने पुन्हा वायुमिश्रण टाकीत आणला जातो. जास्तीचा गाळ रोज थोडा थोडा बाहेर काढतात. किती काढायचा, हा केंद्र चालवणाऱ्याच्या हातातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. जास्त काढला तर मैला खायला जिवाणू उरत नाहीत, कमी काढला तर निवळण टाकी भरून गाळ काठावरून वाहू लागतो. सर्व नीट जमले तर दुय्यम प्रक्रियेअखेर बीओडीचा ८५ ते ९५ टक्के भाग गेलेला असतो.

टाकीतले जिवाणू ठीक आहेत हे कसे कळते?

यासाठी सगळ्यांत उपयोगी साधन फार साधे आहे: एक लिटरचे काचेचे मोजपात्र. वायुमिश्रण टाकीतील तपकिरी मिश्रण त्यात भरून ते अर्धा तास न हलवता ठेवतात. निरोगी गाळ पहिल्या पाच मिनिटांतच एकत्र येऊन ठळक रेषेने खाली उतरू लागतो. अर्ध्या तासानंतर तळाशी दोन-तीनशे मिलिलिटर गाळ आणि वर पारदर्शक पाणी दिसले तर चिंता नाही. गाळ नऊशेच्या रेषेवरच फुगून राहिला असेल, तर बहुधा तंतुमय जिवाणू माजलेले असतात. त्यांचे धागे पुंजक्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात, म्हणून गाळ दबत नाही. टाकीत ऑक्सिजन कमी पडणे, सडका मैला येणे किंवा पोषकद्रव्यांचे प्रमाण बिघडणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत.

दुसरी पाहणी सूक्ष्मदर्शकाखाली होते. गाळाच्या एका थेंबात देठावर उभे राहून घंटेच्या आकाराचे तोंड फिरवणारे व्हॉर्टिसेला दिसले, त्यांच्यात सुटे जिवाणू टिपत फिरणारे रोटिफर दिसले, तर टाकी स्थिरावलेली आहे आणि बाहेर पडणारे पाणी निवळ असणार असे समजावे. हे प्राणी अचानक नाहीसे झाले तर काहीतरी विषारी आत आले आहे, हे प्रयोगशाळेच्या आकड्यांच्या आधी कळते. अनुभवी ऑपरेटर फेसाचा रंग आणि टाकीच्या वासावरूनही पुष्कळ ओळखतो. हे कसब पुस्तकातून थोडे आणि टाकीच्या काठावर उभे राहून जास्त येते. केंद्रांसाठी यंत्रे घेताना जेवढा विचार होतो तेवढा या माणसांच्या प्रशिक्षणाचा आणि नेमणुकीचा होत नाही, ही फार मोठी उणीव आहे.

बीओडी कमी झाल्यावरही अमोनिया, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांची काळजी का करायची?

अमोनिया दोन प्रकारे घात करतो. एक म्हणजे नदीतले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि त्यात प्रत्येक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन खर्च होतो. म्हणजे बीओडी कमी करून वाचवलेला ऑक्सिजन अमोनिया पुन्हा संपवू शकतो. दुसरे म्हणजे तो माशांना विषारी आहे, आणि हा विषारीपणा पाण्याच्या सामूवर (पीएच), म्हणजे ते किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे यावर अवलंबून असतो. २५ अंश तापमानाला आणि ७ सामू असलेल्या पाण्यात एकूण अमोनियाचा एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो. सामू ९ झाला की हा भाग एक तृतीयांशाहून वर जातो. शेवाळाने भरलेल्या तलावात भर दुपारी प्रकाशसंश्लेषणामुळे सामू नेमका असाच चढतो. सकाळी निरुपद्रवी वाटलेले पाणी दुपारी मासे मारू शकते, ते यामुळे.

अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू फार सावकाश वाढतात, म्हणून गाळ टाकीत जास्त दिवस ठेवावा लागतो आणि हवा जास्त द्यावी लागते. त्यापुढे नायट्रेटमधला नायट्रोजन वायुरूपाने हवेत सोडायचा असेल तर ऑक्सिजन नसलेली वेगळी टाकी लागते. तिथे जिवाणू श्वसनासाठी नायट्रेटमधलाच ऑक्सिजन घेतात.

फॉस्फरसची गोष्ट वेगळी. तो वायू होऊन उडून जात नाही, गाळातूनच काढावा लागतो. त्यासाठी लोहाचे किंवा ॲल्युमिनियमचे क्षार टाकतात, किंवा फॉस्फरस साठवणाऱ्या विशिष्ट जिवाणूंना अनुकूल अशी टाक्यांची रचना करतात. गोड्या पाण्यातील शेवाळाच्या बहराला तो किती कारणीभूत आहे, हे कॅनडातील ‘लेक २२६’ या छोट्या तलावाने दाखवले. १९७३ पासूनच्या या प्रयोगात तलाव मधोमध पडदा टाकून विभागला होता. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन टाकले, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला फॉस्फरसही. फॉस्फरसचा भाग गर्द हिरवा झाला, दुसरा जवळपास जसाच्या तसा राहिला. आकाशातून घेतलेले त्याचे छायाचित्र डिटर्जंटमधील फॉस्फेटवर निर्बंध आणण्याच्या चर्चेत फार प्रभावी ठरले.

प्रक्रियेनंतर रोगजंतू उरतात का?

उरतात. दुय्यम प्रक्रियेत त्यांची संख्या पुष्कळ घटते, पण मुळात ती इतकी मोठी असते की उरलेलेही धोकादायक ठरतात. म्हणून शेवटी क्लोरीन, अतिनील किरण किंवा ओझोन यांनी निर्जंतुकीकरण करतात. पाणी गढूळ असेल तर जिवाणू कणांच्या आड लपतात आणि किरण त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे आधीचे टप्पे ढिले पडले की हा टप्पाही निकामी होतो. क्लोरीन वापरला असेल तर नदीत सोडण्यापूर्वी शिल्लक क्लोरीन काढून टाकणे आवश्यक आहे, कारण तो माशांना अत्यल्प प्रमाणातही मारक असतो.

आमच्या शहरात प्रक्रिया केंद्र आहे, तरी नदी घाण का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत रास्त प्रश्न आहे. बहुतेक वेळा उत्तर केंद्राच्या कुंपणाबाहेर सापडते. केंद्र बांधले, उद्घाटन झाले, पण तिथवर मैला आणणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या राहिल्या. मुख्य वाहिनी टाकली, पण घरे तिला जोडली गेली नाहीत. घरे जोडली, पण मधले पंपिंग स्टेशन वीज गेली की बंद पडते आणि मैला शेजारच्या नाल्यात उतरतो. सेप्टिक टँक उपसणाऱ्या गाड्या रात्री नाल्यात रिकाम्या होतात ती गोष्ट निराळीच. अशा शहरात निम्म्या क्षमतेने चालणारे केंद्र आणि काळी नदी एकाच वेळी नांदतात. म्हणून ‘शहराची प्रक्रिया क्षमता किती’ या आकड्याने समाधान मानू नये. निर्माण होणाऱ्या सांडपाण्यापैकी किती पाणी केंद्रात खरोखर पोहोचते आणि त्यातले किती ठरलेल्या दर्जाचे होऊन बाहेर पडते, हे दोन आकडे विचारावेत. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगातील घरगुती सांडपाण्यापैकी सुमारे ५८ टक्के पाण्यावरच सुरक्षित प्रक्रिया होत होती.

मैला दूर नेणे आणि त्यावर प्रक्रिया करणे या दोन गोष्टींची गल्लत जुनी आहे. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने लंडन हैराण झाले, तेव्हा जोसेफ बॅझलगेट यांच्या देखरेखीखाली प्रचंड भुयारी गटारे बांधली गेली. शहरातले पाण्यातून पसरणारे आजार कमी झाले, हे त्या कामाचे मोठे यश. पण मैला फक्त शहराच्या पूर्वेला नेऊन तसाच नदीत सोडला जात होता. शहराची घाण खालच्या पट्ट्याकडे सरकली, एवढेच. १९५७ साली शास्त्रज्ञांनी थेम्सचा लंडनमधला भाग जीवसृष्टीच्या दृष्टीने मृत ठरवला. पुढच्या दोन दशकांत दुय्यम प्रक्रियेची मोठी कामे झाली, ऑक्सिजन परतला आणि १९७४ मध्ये तिथे सामन मासा पुन्हा आढळला. वाहिन्यांनी शहर वाचवले, नदी वाचवली ती प्रक्रियेने.

जोरदार पावसात केंद्राचे काय होते?

जुन्या शहरांत मैलापाणी आणि पावसाचे पाणी एकाच वाहिनीतून वाहते. जोराचा पाऊस आला की प्रवाह कोरड्या दिवसाच्या कित्येक पट होतो आणि तो सगळा आत घेतला तर टाक्यांतला जिवंत गाळच वाहून जाईल. म्हणून अशा वाहिन्यांना नदीकाठी सांडवे ठेवलेले असतात आणि तिथून पातळ झालेला मैला थेट नदीत जातो. लंडनने यावर उपाय म्हणून थेम्सच्या पात्राखालून २५ किलोमीटर लांबीचा बोगदा बांधला असून पावसातला मैला त्यात साठवून नंतर केंद्राकडे नेला जातो. दोन्ही वाहिन्या वेगळ्या असलेल्या शहरांतही प्रश्न पूर्ण सुटत नाही, कारण फुटके सांधे, उघडी मॅनहोल आणि गच्चीचे पाणी मलवाहिनीत सोडण्याची सवय यांतून पावसाचे पाणी आत येतेच.

काढलेल्या गाळाचे काय करतात?

पाणी स्वच्छ झाले म्हणजे मैला नाहीसा झाला असे नाही. त्याचा मोठा भाग गाळात येतो. हा गाळ बंद टाकीत, सुमारे ३५ अंश तापमानाला, पंधरा ते पंचवीस दिवस ऑक्सिजनविना कुजवतात. त्यातून निघणाऱ्या वायूत ६० ते ६५ टक्के मिथेन असतो आणि त्यावर वीज तयार करून केंद्राच्या गरजेचा काही भाग भागवता येतो. कुजलेल्या गाळातले पाणी यंत्राने पिळून काढल्यावर मातीसारखा गोळा उरतो. त्यात नायट्रोजन, फॉस्फरस आणि सेंद्रिय द्रव्य असते, त्यामुळे जमिनीला तो उपयोगी आहे, पण जड धातू, रोगजंतू आणि पीफास गटातील चिवट रसायने यांची तपासणी केल्याशिवाय तो शेतात टाकणे योग्य नाही. गाळाची सोय न करता बांधलेले केंद्र अर्धवट समजावे. जागा संपली की तोच गाळ एखाद्या रात्री नदीत जातो.

हे सर्व फार विजेचे काम आहे का? नैसर्गिक पद्धती चालतात का?

सक्रिय गाळ पद्धतीत एक हजार लिटर पाण्यामागे साधारण ०.३ ते ०.६ युनिट वीज लागते आणि तिच्यातली सुमारे निम्मी हवा सोडणाऱ्या ब्लोअरवर खर्च होते. ब्लोअर काही तास बंद राहिले की जिवाणू गुदमरू लागतात, म्हणून विजेचे बिल भरण्याची तरतूद आणि पर्यायी वीजपुरवठा या गोष्टी नदीरक्षणाच्याच भाग आहेत. जिथे जमीन उपलब्ध आणि हवामान उबदार आहे तिथे स्थिरीकरण तळी आणि बांधीव पाणथळ जागा उत्तम काम देतात; तळ्यांत शेवाळ ऑक्सिजन पुरवते आणि जिवाणू मैला खातात. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ प्रदेशात शहराच्या सांडपाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या मत्स्यतळी चालवली जातात आणि सुमारे १२,५०० हेक्टरचा हा प्रदेश २००२ साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला. मात्र या पद्धतींना वीज कमी लागत असली तरी जमीन कितीतरी जास्त लागते, आणि शहराच्या कडेची जमीन राखून ठेवणे हेच आज सर्वांत कठीण झाले आहे.

औषधांचे अंश आणि सूक्ष्म प्लॅस्टिक केंद्रात निघून जातात का?

सूक्ष्म प्लॅस्टिकचा बहुतांश भाग गाळात अडकतो. औषधांचे तसे नाही. डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके किंवा फेफऱ्यावरचे कार्बामाझेपिन नेहमीच्या जैविक प्रक्रियेतून बऱ्याच अंशी तसेच पार होतात. त्यांच्यासाठी ओझोन किंवा सक्रिय कोळशाचा आणखी एक टप्पा लागतो. स्वित्झर्लंडने निवडक केंद्रांना तो २०१६ पासून लागू केला. युरोपीय संघाच्या २०२४ मधील सुधारित निर्देशात या टप्प्याच्या खर्चाचा किमान ८० टक्के वाटा औषध आणि सौंदर्यप्रसाधन उत्पादकांनी उचलावा अशी तरतूद आहे, आणि प्रदूषणाचा खर्च नेमका कोणी सोसावा याचे ते स्पष्ट उत्तर आहे.

कारखान्यांचे पाणी याच केंद्रात घ्यावे का?

आधी कारखान्यातच प्राथमिक शुद्धीकरण झाले असेल तरच घ्यावे. क्रोमियम, सायनाइड किंवा तीव्र आम्ल आत आले तर जिवाणू मरतात आणि टाकी पूर्ववत व्हायला काही आठवडे लागू शकतात. तोवर साऱ्या शहराचा मैला अर्धवट अवस्थेत नदीत जातो.

घरातून काय सोडू नये?

खाद्यतेल, ओले पुसणे म्हणजे वेट वाइप्स, सॅनिटरी पॅड, रंग, रसायने आणि जुनी औषधे. तेल वाहिनीत गोठते, वाइप्स त्यात अडकतात आणि दगडासारखा बोळा तयार होतो. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात असा बोळा सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा निघाला. वाहिनी तुंबली की मैला जवळच्या मॅनहोलमधून वर येतो आणि बहुधा पावसाळी गटारातून थेट ओढ्यात पोहोचतो. तो तुंबा मोकळा करण्यासाठी माणसाला मॅनहोलमध्ये उतरवणे हे तर अक्षम्य आहे. विषारी वायूने यात आजवर कितीतरी जीव गेले आहेत आणि ते काम यंत्रानेच व्हायला हवे.

प्रक्रिया केलेले पाणी पुन्हा वापरता येते का?

येते. नामिबियाची राजधानी विंडहूक येथे १९६८ पासून सांडपाणी पूर्ण शुद्ध करून थेट पिण्याच्या पुरवठ्यात मिसळले जाते, आणि सिंगापूरमध्ये २००३ पासून असे पाणी मुख्यतः उद्योगांना व काही अंशी जलाशयांना दिले जाते. बांधकाम, शीतकरण, उद्याने आणि शेती यांसाठी तर एवढे शुद्धीकरणही लागत नाही. एक सावधगिरी मात्र हवी: कोरड्या महिन्यांत केंद्रातून सोडलेले चांगले पाणी हाच काही नद्यांचा मुख्य प्रवाह असतो. तो सगळा वळवला तर पाणी वाचते, पण नदी कोरडी पडते. किती वळवायचे हे नदीची गरज मोजूनच ठरवावे.

केंद्र नीट चालते की नाही, हे सामान्य नागरिकाने कसे पडताळावे?

केंद्राच्या पाण्याचा निकाल मागताना नमुना कसा घेतला ते विचारावे. दुपारी एकदाच भरलेली बाटली आणि चोवीस तास थोडे थोडे पाणी घेऊन केलेला मिश्र नमुना यांत फार फरक पडतो, कारण सकाळच्या गर्दीच्या तासांतला भार दुपारी दिसत नाही. ब्लोअरच्या विजेच्या नोंदी आणि रोज बाहेर काढलेल्या गाळाचे वजनही मागावे. पाणी येते पण गाळच निघत नाही, असे कोणत्याही चालू केंद्रात होऊ शकत नाही.

त्यानंतर नदीवर जावे. सांडपाणी सोडण्याच्या जागेच्या वर आणि खाली, दोन्हीकडे विरघळलेला ऑक्सिजन मोजावा, आणि तो पहाटे मोजावा. दिवसा वनस्पती ऑक्सिजन सोडतात, त्यामुळे दुपारचा आकडा फसवा असतो. बहुतेक माशांना लिटरमागे ४ ते ५ मिलिग्रॅम तरी हवा. मीटर नसेल तर दगड उलटून पाहावा. मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय या कीटकांची पिल्ले दगडाखाली चिकटलेली असतील तर पाणी चांगले आहे. नुसत्या लाल अळ्या आणि ट्युबिफेक्स कृमींचे झुपके दिसले तर तिथे ऑक्सिजन वारंवार संपतो आहे. हे जीव महिनोन्‌महिने त्याच जागी राहतात, त्यामुळे तपासणीच्या दिवसापुरते केंद्र नीट चालवले तरी त्यांची साक्ष बदलत नाही.

मैला थांबवल्यावर नदी सुधारायला किती काळ लागतो?

वाहत्या पाण्यातला ऑक्सिजन काही दिवसांत ते आठवड्यांत सुधारतो. दगडाखालचे कीटक वरच्या स्वच्छ पट्ट्यातून किंवा शेजारच्या ओढ्यांतून परत यायला काही महिने ते काही वर्षे लागतात, आणि मधे बंधारे असतील तर मासे त्याहून उशिरा येतात. तलावांना सर्वांत जास्त वेळ लागतो. अमेरिकेतील सिएटल शहराने लेक वॉशिंग्टनमध्ये जाणारे सांडपाणी १९६३ पासून टप्प्याटप्प्याने वळवले आणि १९६८ मध्ये ते काम पूर्ण केले. तो तलाव खोल असल्याने आणि त्यातले पाणी लवकर बदलत असल्याने काही वर्षांतच पुन्हा पारदर्शक झाला. उथळ तलावांत मात्र तळाच्या गाळात साठलेला फॉस्फरस दरवर्षी वर येत राहतो आणि बाहेरून मैला येणे पूर्ण थांबल्यावरही दशकभर, कधी त्याहून जास्त काळ शेवाळ वाढतच असते. अशा ठिकाणी पहिल्या दोन-तीन वर्षांत फरक दिसला नाही म्हणून केंद्राचा निधी कमी करणे ही मोठी चूक ठरते. तळाच्या गाळाची तपासणी करून तो उपसायचा, फॉस्फरस बांधून ठेवणारे क्षार टाकायचे की थांबायचे, याचा निर्णय त्या तलावापुरता स्वतंत्रपणे घ्यावा लागतो.